आधी लाइन, मग रॉड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे नकली कीटकाने मासे धरायला, काय काय घ्यावं हे विचारणारं चार पानांचं पत्र आणि त्यातली अडीच पानं रीलवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या चकरीवर! डिस्कची घ्यावी की क्लिकची, ड्रॅग, म्हणजे तिचा ब्रेक, सीलबंद असावा की साधा, काळी शोभेल की चंदेरी. रॉडला, म्हणजे काठीला, एक परिच्छेद. आणि लाइनला अख्ख्या पत्रात एक ओळ: ‘लाइन काय, रीलबरोबर येईल ती चालेल.’ ही ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ नुसता हसत बसलो. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. झकास रील, बरा रॉड आणि फुकटात आलेली लाइन. अख्खा मोसम पाण्याला चाबकाचे फटके मारण्यात गेला. ट्राउट माशांनी माझी करमणूक म्हणून दखल घेतली असेल तेवढीच.

म्हणून तुझ्या प्रश्नांची उत्तरं उलट्या क्रमाने देतो. रील सगळ्यात शेवटी.

आपण लहानपणी गळ टाकायचो तेव्हा फेकत काय होतो ते आठव. शिशाचा तुकडा. तो पुढे जायचा, तंगूस त्याच्यामागे फरफटत जायचा. फ्लायला, म्हणजे त्या नकली कीटकाला, असं काही वजनच नसतं. गळाचा बारीक आकडा, त्यावर गुंडाळलेलं पीस, थोडे केस, थोडा दोरा. तळहातावर ठेवून फुंकर मारलीस तर उडून जाईल. अशी वस्तू कोण कशी फेकणार? इथे फेकायची असते ती लाइन. वजन तिच्यात. फ्लाय म्हणजे तिच्या शेपटाला बांधलेली पाहुणी, लाइन नेईल तिथे जाणारी. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातल्या निम्म्या वस्तू आपोआप बाजूला पडतात.

रॉडवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘९ फूट, ५’. हा ५ रॉडच्या वजनाचा नव्हे आणि ताकदीचाही नव्हे. रॉडला कुठल्या नंबरची लाइन हवी तो हा आकडा. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये करतात. ४ नंबरची भरते १२० ग्रेन, ५ नंबरची १४०, ६ नंबरची १६०. १४० ग्रेन म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम! त्या नऊ ग्रॅमनी नीट वाकावा आणि नीट सरळ व्हावा, एवढ्यासाठी तो सगळा रॉड घडवलेला असतो. लाइन हलकी घेतलीस तर तो वाकतच नाही, नुसती काठी हलवल्यासारखं होतं. जड घेतलीस तर ओल्या वेतासारखा लोळतो.

हे नंबर आले कसे, तेही मजेशीर आहे. पूर्वी लाइन रेशमाची असायची आणि तिची जात अक्षरांनी सांगायचे. अक्षर जाडीचं. रेशीम सगळीकडे सारखंच घट्ट, त्यामुळे जाडी कळली की वजनही कळायचं. मग नायलॉन आलं, प्लॅस्टिकचा लेप आला, आणि एकाच जाडीच्या दोन लायनींचं वजन वेगवेगळं निघू लागलं. अक्षरांना अर्थच उरला नाही. म्हणून १९६०च्या आसपास अमेरिकेतल्या कारखानदारांनी वजनावर आधारलेले नंबर ठरवले, ते आजही चालतात. ‘चालतात’ हे थोडं सांभाळून घे. हल्ली बऱ्याच लायनी डब्यावर ५ लिहून आत साडेपाचाच्या किंवा सहाच्या वजनाच्या असतात, कारण हल्लीचे ताठ रॉड त्याशिवाय वाकत नाहीत. म्हणून डब्याच्या मागच्या बाजूला ग्रेनचा आकडा छापलेला असतो तो वाच. सगळं दुकान रीलभोवती जमलेलं असेल, तू डब्याची मागची बाजू वाचत उभा राहा.

पहिली लाइन तरंगणारीच घे. वेट फॉरवर्ड, म्हणजे वजन पुढच्या भागात आणि मागे बारीक दोर. डबल टेपर नावाचा दुसरा प्रकार असतो, दोन्ही टोकं निमुळती आणि मध्ये जाड. एक टोक झिजलं की उलटी करून वापरायची. लहान ओढ्यावर मला तीच आवडते, पण नवशिक्याला पहिली बरी. रंग फिका, उठून दिसणारा घे. माशाला दिसेल म्हणून घाबरू नकोस. डोक्यावरून लाइन गेली की रंग कुठलाही असो, मासा पळणारच. त्याच्यापासून लाइन लांब ठेवायला तर मध्ये लीडर नावाचा बारीक तंगूस असतो. रंग तुझ्यासाठी आहे. आपली लाइन कुठे पडली हेच न दिसणारा माणूस काही शिकत नाही.

आता रॉड. ९ फूट, ५ नंबर, चार तुकड्यांचा. इतकी सरळ शिफारस मी आयुष्यात फार थोड्या बाबतींत करतो. झाडांच्या बोगद्यातून जाणाऱ्या अरुंद ओढ्यावरच जायचं असेल तर साडेसात फुटी ३ नंबर गोड. मोठ्या तळ्यावर, वाऱ्यात, जड फ्लाय टाकायच्या तर ६. पण एकच घ्यायचा आणि कुठे जाशील ते ठाऊक नाही, तर हा. नऊ फूट लांबी अंतर गाठायला लागते असं लोकांना वाटतं. माझ्या मते तिचा खरा उपयोग लाइन पाण्यावर पडल्यानंतर आहे. ते पुढे सांगतो.

तू लिहिलंस की दुकानदाराने फास्ट ॲक्शनचा सुचवला. फास्ट म्हणजे टोकापाशीच वाकणारा ताठ रॉड. मीडियम मध्यापर्यंत वाकतो, स्लो पार मुठीपर्यंत. फास्ट रॉडने हिरवळीवर ऐंशी फूट लाइन सोडून दाखवता येते, बघणारे वाहवा करतात. पण ट्राउट बहुतेक वेळा तीस-चाळीस फुटांच्या आतच असतो आणि तेवढ्या अंतरात तो ताठ रॉड मुका बसतो. हाताला काही सांगतच नाही. तू मीडियम, फार तर मीडियम-फास्ट घे. दुकानात नुसता हलवून ठरवू नकोस. हलवल्यावर सगळेच रॉड छान वाटतात. लाइन ओवून, मोकळ्या जागेत, तीस फुटांवर टाकून बघ. टाकू देत नसतील तर दुसरं दुकान बघ.

मला शिकवणाऱ्या काकांकडे बांबूचा जुना रॉड होता. अखंड बांबू नव्हे हं. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, चिकटवून केलेली षट्कोनी काठी. बांबूही कुठलाही चालत नाही. दक्षिण चीनमध्ये टॉन्किन नावाची जात होते. तिचे तंतू दाट आणि पेरं लांब, म्हणून जगभरचे कारागीर तीच वापरतात. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा तिथल्या कारागिरांचा माल आटला, तोवर फायबरग्लासही आलंच होतं, आणि बांबूचं राज्य संपलं. १९७०च्या दशकात कार्बन फायबर आलं, तेच आज तुझ्या यादीतल्या तिन्ही रॉडमध्ये आहे. काकांचा बांबू वजनाने जड आणि स्वभावाने संथ. घाई केली की लाइन सरळ पायाशी येऊन पडायची. काका काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्या पायाकडे बघायचे.

ती घाई हाच सगळ्यांचा रोग. लाइन मागे फेकलीस की तिला पाठीमागे पूर्ण उलगडू द्यावी लागते, तेव्हा कुठे ती रॉडला ताणते आणि पुढे जायला जोर मिळतो. नवशिका थांबत नाही. मागे गेली न गेली तोच पुढे ओढतो, ‘चट्’ असा चाबकाचा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. तो आवाज आला की समज, तू थांबला नाहीस. पहिले काही दिवस मान वळवून मागे बघत जा, लाज बाळगू नकोस. रॉड घड्याळाचा काटा धर: पुढे दहावर, मागे दोनावर कचकन थांबव. जोर हळूहळू वाढवायचा आणि थांबणं मात्र एकदम. मनगट मोडू नकोस, नाहीतर टोक खाली जातं आणि लाइनचं भेंडोळं होतं. सराव गवतावर कर, टोकाला आकडा न लावता लोकरीचा तुकडा बांधून. रोज पंधरा मिनिटं केलंस तर पंधरा दिवसांत हात बसेल. एकाच रविवारी चार तास केलंस तर फक्त खांदा दुखेल.

चष्म्याशिवाय मात्र टाकू नकोस, गवतावरसुद्धा. पोलराइज्ड काचांचा घे, पाण्यावरची चकाकी जाऊन आतलं दिसतं. पण मुख्य कारण डोळे. वाऱ्याच्या दिवशी एकदा माझ्याच हाताने टाकलेली फ्लाय माझ्याच कानाच्या पाळीत रुतली. काकांनी आकड्याच्या वळणात दोरा अडकवला, आकड्याचा मागचा भाग कातडीवर दाबला, ‘ती घार बघ’ म्हणाले आणि झटका दिला. घार नव्हतीच. आकडा निघाला, कारण त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा त्यांनी आदल्या रात्री चिमट्याने दाबून सपाट केला होता. तेव्हापासून मी काट्याचा आकडा वापरत नाही. बिनकाट्याचा माशाच्या तोंडातूनही तितक्याच सहज निघतो.

लीडर. लाइन जाड, फ्लाय इवलीशी. दोन्ही थेट बांधल्या तर लाइनचा जोर टोकाला धपकन आदळेल. म्हणून मध्ये नऊ फुटांचा निमुळता तंगूस, जाड बुडाकडून बारीक टोकाकडे. जोर हळूहळू विरतो आणि फ्लाय पिसासारखी टेकते. टोकाच्या बारीक भागाला टिपेट म्हणतात. फ्लाय बदलताना तोच कापला जातो, म्हणून त्याची वेगळी गुंडी खिशात ठेवायची. त्याच्या जाडीचा हिशोब एक्समध्ये. ११ मधून एक्सचा आकडा वजा कर, उरेल तितके इंचाचे हजारावे भाग. ५ एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. हा उलटा हिशोब रेशमी किड्यांच्या तातीच्या काळातला. तात छिद्रातून ओढून बारीक करायचे, जितक्या वेळा ओढली तितके एक्स.

कुठल्या फ्लायला कुठला टिपेट? आकड्याच्या नंबरला तीनने भाग. १६ नंबरच्या आकड्याला ५ एक्स. (आकड्यांचेही नंबर उलटेच: नंबर मोठा, आकडा लहान. या खेळात सरळ मोजलेलं फार थोडं आहे.) तू ४, ५ आणि ६ एक्सच्या गुंड्या घे. पृष्ठभागावरच्या फ्लायला साधं नायलॉन. फ्लुओरोकार्बन पाण्यापेक्षा बरंच जड, बुडतं, म्हणून ते पाण्याखाली. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली कर. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस कमजोर होतो. दोनच गाठी पक्क्या शिक: फ्लायला क्लिंच, टिपेट जोडायला सर्जन. बाकीच्या हळूहळू येतील. आणि टाकता टाकता लीडरवर आपोआप साध्या गाठी पडतात, त्यांना लोक ‘वाऱ्याच्या गाठी’ म्हणतात. वारा बिचारा निर्दोष असतो. दिसली की तेवढा तुकडा बदल, नाहीतर मोठा मासा नेमका तिथेच तोडेल.

फ्लायच्या बाबतीत तू शंभराचा डबा घ्यायचं म्हणतोस. नको रे! ट्राउट बहुतेक वेळ पाण्याखाली खातो. कीटकांच्या तिथे वाढणाऱ्या पिल्लांना निंफ म्हणतात, ते त्याचं रोजचं अन्न. म्हणून फेझंट टेल निंफ १६ नंबर आणि हेअर्स इअर १४ नंबर. वर तरंगणारी ॲडम्स १४ आणि १६, एल्क हेअर कॅडिस १४. खोल पाण्यात ओढायला काळी वुली बगर ८ किंवा १०. पाचच जाती, प्रत्येकीच्या तीन-तीन. फेझंट टेल बांधली फ्रँक सॉयर यांनी. इंग्लंडमधल्या विल्टशरच्या एव्हन नदीचे ते रखवालदार. त्यात दोरा नाहीच. तांब्याची केसासारखी तार आणि तित्तिराच्या कुळातल्या फेझंटच्या शेपटीचे तंतू, बस्स. तार बांधायचंही काम करते आणि बुडवायचंही. ॲडम्स १९२२ मध्ये मिशिगनच्या लिओनर्ड हॅलडे यांनी केली आणि ती पहिल्यांदा वापरलेल्या मित्राचं नाव तिला दिलं. ती कुठल्याच एका कीटकासारखी नाही, सगळ्यांसारखी थोडी थोडी आहे. म्हणून तर चालते.

आता नऊ फुटांचं राहिलेलं. वाहत्या पाण्यात मध्यभागी धार जोरात, कडेला संथ. तुझी लाइन मधल्या धारेवर पडते, फ्लाय पलीकडच्या संथ पाण्यात. धार लाइनला ओढते, लाइन फ्लायला, आणि फ्लाय होडीसारखी रेघ काढत पळते. खरा कीटक असा पळत नाही. मासा बघतो आणि मान फिरवतो. उपाय म्हणजे लाइन टेकताच रॉडच्या टोकाने तिची कमान उचलून वरच्या अंगाला ठेवायची. याला मेंड म्हणतात. लांब रॉडने ती कमान सहज उचलते, शिवाय बरीचशी लाइन पाण्याला न लागता हवेतच धरता येते. मला विचारशील तर लांब टाकता येण्यापेक्षा ही कमान जमणं दहापट मोलाचं. मी ऐंशी फूट टाकणारे आणि रिकाम्या हाताने परतणारे बरेच बघितलेत.

उभा कुठे राहतोस तेही बघ. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या मागून जा. पाण्याखालून बाहेरचं जग त्याला सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. कडेला, जमिनीलगत असलेलं दबून, आखडून दिसतं. म्हणजे वाकून गेलास तर फायदा, काठावर ताठ उभा राहिलास तर गेलास.

रील. आली एकदाची! पाच नंबरच्या लाइनवर ट्राउटसाठी रील म्हणजे प्रामुख्याने लाइन ठेवायची जागा. बहुतेक मासे तू डाव्या हाताने लाइन ओढूनच आणशील. रीलमध्ये सुमारे ९० फुटांची लाइन आणि तिच्यामागे ५० ते १०० यार्ड बॅकिंग, म्हणजे जोडीचा बारीक दोरा, मावायला हवं. हे बॅकिंग दोन कामांचं. एक, मोठा मासा पळाला तर. दोन, जे रोजचं काम आहे: त्याने गाभा भरतो, त्यामुळे लाइन लहान वेटोळ्यात बसून स्प्रिंगसारखी गुंडाळत नाही. याच कारणाने रुंद गाभ्याची रील घे. ड्रॅग डिस्कचा असेल तर तो सुरुवातीला झटका न देता सुटतोय का, एवढंच हाताने ओढून बघ. बारीक टिपेट त्या पहिल्या झटक्यालाच तुटतो. क्लिकची साधी रीलही पुरते. तळहात कडेला टेकवून वेग मारता येतो आणि तिचा ‘कर्रर्र’ मला तरी कुठल्याही डिस्कपेक्षा प्यारा आहे. रंग तुझा तू ठरव.

उरलेल्या पैशांत रबरी जाळी घे, दोऱ्याची नको. दोऱ्याने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. हातही ओले करूनच धर. एक छोटा थर्मामीटर ठेव. पाणी २० अंशांच्या वर गेलं की रॉड उचलून घरी ये. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी. झुंजून दमलेला मासा सोडला तरी उलटा होतो. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घालशील तर कमरेचा पट्टा घट्ट आवळ. पडलास तर आत पाणी लवकर भरत नाही. बुटांचा तळ नमद्याचा घेऊ नकोस. तो घसरत नाही हे खरं, पण ओला राहतो आणि एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत नेतो. डिडिमो नावाच्या शेवाळामुळे न्यूझीलंडने २००८ मध्ये असे तळ बंदच केले.

आणि रॉड मोडतो कसा, ते ऐक. माशामुळे क्वचित. माझा पहिला रॉड गाडीच्या दारात गेला, टोकाचे आठ इंच. दुसरा मी स्वतः मोडला: मासा जवळ आल्यावर रॉड खांद्यामागे उभा धरला, सगळा वाक टोकावर आला आणि फटाक्यासारखा आवाज झाला. मासा ओढताना रॉड आडवा, खालच्या बाजूला धर. विजा चमकत असतील किंवा वर तारा असतील तर टाकू नकोस. कार्बनमधून वीज जाते. जोड बसवताना थोडा पीळ देऊन बसव, दर तासाने चाचपून बघ. लाइन महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने पूस. डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने तिला शिवू नकोस, प्लॅस्टिक खातं ते.

रॉड घेतलास की त्याच्यावरचे आकडे जसेच्या तसे उतरवून मला कळव. लाइन मी पाठवतो, तू निवडू नकोस. पाचही जातींच्या फ्लाय मी बांधायला घेतल्यात. फेझंट टेल बऱ्या जमल्या आहेत, कॅडिस अजून झाडूसारख्या दिसतात.

तुझा,
जुना गडी

ता. क. — रील कुठल्या हाताने फिरवायची, हे दुकानात विचारतील. तू उजव्या हाताने टाकतोस, तर डाव्या हाताची करून घे. मासा लागल्यावर रॉड या हातातून त्या हातात देत बसायला वेळ नसतो.